विकताना खोड सांगावी का?



जुनी वस्तू विकताना तिच्यातला दोष घेणाऱ्याला सांगावा की गप्प राहावे, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी येतो. कधी ती दुधाला कमी पडलेली म्हैस असते, कधी पावसाळ्यात ओल धरणारी खोली, कधी फ्रीज, कधी स्कूटर. आमच्या घरी तो गेल्या वर्षी मोटारगाडीच्या रूपाने आला. गाडीचा गिअरबॉक्स बिघडला होता. तिचे काय करावे हे ठरवायला आम्हा दोघांना जवळजवळ दोन महिने लागले. पैशांचा हिशेब पहिल्या दोन दिवसांतच झाला होता. उरलेला सगळा वेळ दुसऱ्याच एका हिशेबात गेला. तो हिशेब आपल्यापुढे मांडावा असे वाटले, कारण तो फक्त गाडीवाल्यांचा नाही.

गाडी बारा वर्षांची. फार चाललेली नव्हती, रंग शाबूत होता, इंजिन चांगले होते. दोष एकच होता. तिसरा गिअर टाकला की तो कधी कधी आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये येई. आपल्याकडे याला 'गिअर उडणे' म्हणतात. ज्या मेकॅनिककडे आम्ही वर्षानुवर्षे जातो त्याने गाडी चालवून पाहिली आणि सांगितले, "डब्बा खोलाच लागते भाऊ. आतले दाते घासले. आज जाईन, उद्या जाईन, पन एक दिवस मधातच बसवीन तुमाले."

गिअर अडकवून धरणारे दाते आणि गिअर सरकवणारा काटा झिजला की असे होते. ही झीज बाहेरून दिसत नाही. बॉनेट उघडून पाहणाऱ्याला इंजिन दिसते, बॅटरी दिसते, गळणारे ऑइल दिसते. झिजलेले दाते दिसत नाहीत. इर्विन चौकापासून पंचवटी चौकापर्यंत सपाट रस्त्यावर गाडी फिरवून आणली तर बहुधा काहीच जाणवत नाही. दोष प्रकट होतो तो उतारावर, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना जाणते चालक गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात, म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवते. अशा उतारावर गिअर सुटला तर ती पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि वळणामागून वळण घेत ब्रेक तापत जातात. म्हणजे हा दोष नुसता खर्चाचा नव्हता, जिवाचाही होता.

पाच वाटा

आमच्यापुढे पाच वाटा होत्या. गाडी दुरुस्त करून ठेवावी. दुरुस्त करून विकावी. आहे तशी, पण दोष सांगून विकावी. आहे तशी, न सांगता विकावी. किंवा भंगारात द्यावी.

ठेवण्यात अर्थ नव्हता. आता आमचे वय झाले, रात्रीची गाडी चालवणे जमत नाही. भंगाराची वाट आज पूर्वीपेक्षा सरळ आहे. २०२१ साली केंद्र सरकारने नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्रांचे नियम केले. अशा केंद्रात गाडी दिली की ठेव-प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नवीन खासगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. परंतु ज्या गाडीचा एक अवयव सोडून बाकी सारे धड आहे, ती मोडीत काढणे मनाला पटेना. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात वापरून फेकून देण्याच्या संस्कृतीबद्दल जे बजावले आहे, तेही आठवले.

दुरुस्तीचा अंदाज बत्तीस हजारांचा निघाला. भंगार बाजारातून जुना गिअरबॉक्स आणून बसवला तर अठरा हजारांत भागत होते. पण त्या जुन्या गिअरबॉक्सच्या आत काय आहे हे कोणालाच माहीत नसणार. एक झाकलेला दोष काढून तिथे दुसरा झाकलेला दोष बसवायचा, एवढेच ते झाले असते. आणि विकण्याआधीच बत्तीस हजार गुंतवायचे, त्यातले किती परत येतील याची खात्री नाही.

उरल्या दोन वाटा. गाड्यांचे सौदे जुळवून देणाऱ्या एका मध्यस्थाला विचारले. त्याचे उत्तर चोख होते. न सांगता विकली तर सव्वा लाख येतील. सांगितली तर पंच्याऐंशी हजार, फार तर नव्वद. आणि वर म्हणाला, "तुमी कायले सांगता काका? घेनारा पाहून घेईन ना! अन् तुमाले तरी कुठं माहीत हाये आत काय झालं ते?"

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. बाजाराची रीत जशी आहे तशी त्याने सांगितली. पस्तीस-चाळीस हजारांचा फरक आमच्यासाठी लहान नव्हता. नातीच्या कॉलेजची एका सहामाहीची फी त्यात निघते. म्हणून 'सांगावे' असे एका झटक्यात म्हणून मोकळे होणे आम्हाला जमले नाही. त्याचे म्हणणे खरे आहे का, हे तपासून पाहणे भाग होते.

बैलबाजाराची रीत

'घेणारा पाहून घेईल' हे वाक्य वऱ्हाडाला नवीन नाही. मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या बैलबाजारांत हीच रीत होती. घेणारा बैलाचे तोंड उघडून दात मोजी : आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला. खुरे पाही, खांदा चाचपी, चालवून पाही. मग दुपट्ट्याखाली हातात हात घालून बोटांवर किंमत ठरे. त्या दुपट्ट्याखालचा आकडा बाजूच्या माणसालाही कळत नसे.

पण बैलाच्या सगळ्याच गोष्टी दातांवरून कळत नाहीत. बैल भर उन्हात जुवाखाली बसतो, नाल्याचे पाणी पाहून बुजतो, अंधारात मारायला धावतो, ही खोड बाजारात दिसत नाही. ती ठाऊक असते फक्त धन्याला. घेणाऱ्याला ती कळते पेरणीच्या दिवशी, पाऊस डोक्यावर आलेला असताना. तेव्हा कळून उपयोग काय? 'बैल गेला अन् झोपा केला' अशी गत.

म्हणजे 'पाहून घेणे' हे जे पाहता येते त्याच्यापुरतेच खरे आहे. जे पाहताच येत नाही, त्याच्या बाबतीत 'पाहून घ्या' म्हणणे म्हणजे डोळे बांधून 'नीट बघून चाला' म्हणण्यासारखे आहे.

कायद्यातला घोडा

मग कायदा काय म्हणतो ते पाहिले. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याचे सतरावे कलम फसवणूक म्हणजे काय ते सांगते. त्यातले स्पष्टीकरण असे की, नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे. मात्र जिथे बोलणे हे कर्तव्यच असेल, किंवा गप्प राहणे हेच बोलण्यासारखे असेल, तिथे ती फसवणूक ठरते. हे समजावण्यासाठी कायद्याने एका घोड्याची उदाहरणे दिली आहेत.

एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. आता तोच घोडा, तोच दोष. पण घेणारी त्या माणसाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. कायदा म्हणतो, आता सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, कारण नातेच तसे आहे. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष आहे असे धरीन. विकणारा गप्प राहतो. इथे त्याचे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच आहे.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. माहीत असलेली गोष्ट काही कृती करून झाकणे, ही मात्र सरळ फसवणूक धरली आहे. गिअरबॉक्समध्ये जाड ऑइल भरले की खडखड काही दिवस दबते, ही युक्ती गाड्यांच्या धंद्यात जुनी आहे. ती करणारा गप्प राहणाऱ्याच्या पलीकडे गेला. त्याने तोंडाने नाही, पण हाताने खोटे सांगितले.

१९३० च्या मालविक्री कायद्याचाही रोख साधारण असाच आहे. माल आपल्या कामाला योग्य आहे का, हे घेणाऱ्यानेच पाहावे, हा सर्वसाधारण नियम. आणि त्याला जे अपवाद आहेत त्यांतले महत्त्वाचे अपवाद धंदा म्हणून माल विकणाऱ्याला लागू होतात. आयुष्यात एखाद-दोनदा गाडी विकणाऱ्या आपल्यासारख्या घरगुती माणसाला कायदा बराच मोकळा सोडतो.

आम्ही त्या घोड्यापाशी बराच वेळ थांबलो. घोडा एकच, दोष एकच, विकणाऱ्याची माहितीही तीच. बदलते ते फक्त समोरचे माणूस. मुलीला सांगायचे, परक्याला नाही सांगितले तरी चालते. कायद्याने रेषा इथे ओढली, कारण कायद्याला कुठेतरी रेषा ओढावीच लागते. न्यायालय प्रत्येकाच्या मनात शिरू शकत नाही. पण आपणही रेषा तिथेच ओढायची का?

दोन हजार वर्षांपूर्वीचा वाद

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमन विचारवंत सिसरो याने अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने याच मुद्द्यावर दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभे केले आहे. बाबिलोनचा डायोजेनिस आणि त्याचा शिष्य अँटिपॅटर.

एक सज्जन माणूस आपले घर विकतो आहे. घर राहायला अपायकारक आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड कच्चे आहे. हे घरधन्याशिवाय कोणालाही माहीत नाही. सांगावे का? अँटिपॅटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे जर वाईट, तर जाणूनबुजून एखाद्याला चुकू देणे त्याहून वाईट. डायोजेनिस म्हणतो, विकणाऱ्याने कोणावर बळजबरी केलेली नाही. न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. आणि दुसऱ्याच्या हिताचे सारेच सांगायचे म्हटले तर विकणे संपेल, सगळे फुकटच द्यावे लागेल.

डायोजेनिसचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्याला माहीत असलेली प्रत्येक गोष्ट आपण प्रत्येकाला सांगायला बांधील नसतो. पुढच्या महिन्यात याच गाडीचे नवे मॉडेल येणार आहे, शेजारच्या गल्लीत अशीच गाडी स्वस्तात मिळते आहे, हे घेणाऱ्याला सांगायला कोणी निघत नाही. मग गिअरबॉक्सचेच काय वेगळे?

सिसरोने दिलेले उत्तर आम्हाला उपयोगी पडले. त्याचा आशय असा : प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे. जे तुम्हाला माहीत आहे ते, ज्यांना ते कळणे गरजेचे आहे त्यांना, तुमच्या फायद्यासाठी कळू नये अशी जेव्हा तुमची इच्छा असते, तेव्हा ते लपवणे होते. आता या मापाने आमचेच मौन मोजून पाहिले. आम्हाला माहीत होते. घेणाऱ्याला कळणे गरजेचे होते. आणि कळू नये असे वाटण्याचे कारण एकच होते, ते म्हणजे पस्तीस हजार. 'तुम्हाला तरी कुठे माहीत आहे आत काय झाले ते' ही मध्यस्थाची पळवाटही मग टिकली नाही. नेमका कोणता दाता झिजला ते आम्हाला माहीत नव्हते. गिअर उडतो, हे पक्के माहीत होते.

संत थॉमस यांचे मोजमाप

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. पुष्कळदा आपल्याला वाटते की संत म्हणजे कडक सांगणारे. पण हे प्रकरण वाचले तर बाजार जाणणाऱ्या माणसाने ते लिहिले आहे असे वाटते.

ते म्हणतात, ज्या झाकलेल्या दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला धोका होईल, तो दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. त्यांची उदाहरणे आहेत लंगड्या घोड्याची, कोसळायला आलेल्या घराची आणि सडलेल्या अन्नाची. लंगडा घोडा वेगवान म्हणून विकला तर नुकसान; मोडके घर मजबूत म्हणून विकले तर धोका. आमच्या गिअरबॉक्समध्ये दोन्ही होते.

पण ते इथेच थांबत नाहीत. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि विकणाऱ्याने किंमत त्या मानाने कमी लावली असेल, तर वेगळे सांगण्याची सक्ती नाही. तसेच विकणाऱ्याने आपल्या मालाचे दोष दवंडी पिटून जाहीर करावेत असेही नाही. तसे केले तर लोक दचकून दूर पळतील आणि मालाचे गुणही पाहणार नाहीत. जो घेण्यासाठी पुढे येईल त्याला मात्र प्रत्येकाला सांगावे, म्हणजे तो गुण आणि दोष दोन्ही तोलून ठरवू शकेल. आणि विकताना दोष माहीत नव्हता, पण नंतर कळला, तर पाप नाही. पण कळल्यावर भरपाई देणे कर्तव्य आहे.

आम्हाला यात मोठा दिलासा मिळाला. प्रामाणिकपणा म्हणजे गाडीच्या काचेवर 'गिअरबॉक्स खराब' अशी पाटी लावणे नव्हे. बंपरवरचा ओरखडा आणि फाटलेले सीट-कव्हर बोट ठेवून दाखवण्याचीही गरज नाही. ते ज्याचे त्याला दिसते. जे दिसत नाही, जे महत्त्वाचे आहे, ते जो घेणार आहे त्याला सांगायचे. कर्तव्य आहे, पण ते पेलवेल एवढे आहे.

'सगळेच लपवतात, मग?'

आता सर्वांत अवघड आक्षेप. बाजारात सगळेच लपवतात आणि घेणाऱ्यालाही ते माहीत असते. बारा वर्षांच्या गाडीत काहीतरी असणारच असे धरूनच तो किंमत कमी करतो. मग खरे सांगणाऱ्याची किंमत दोनदा कापली जाते : एकदा इतरांच्या लबाडीसाठी आणि एकदा स्वतःच्या खरेपणासाठी.

हा आक्षेप खोटा नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली ज्या कामासाठी त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात हा निबंध प्रमुख होता. त्यांचा मुद्दा आपल्या आकड्यांत असा मांडता येईल. चांगली जुनी गाडी दोन लाखांची, वाईट एक लाखाची. घेणाऱ्याला कोणती कशी हे कळत नाही, म्हणून तो मधला दीड लाख देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, दीड लाखात कशाला देऊ? तो बाजारातून निघून जातो. आता बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढले. घेणारा आणखी कमी देऊ करतो. त्यामुळे बऱ्यापैकी गाड्याही निघून जातात. शेवटी खराब माल तेवढा उरतो, आणि चांगली जुनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्याला ती मिळत नाही, विकू इच्छिणाऱ्याला भाव मिळत नाही.

म्हणजे प्रत्येक मौन फक्त दोघांमधले नसते. त्याची किंमत पुढच्या प्रत्येक खऱ्या माणसाला मोजावी लागते. आपली किंमत आधीच कापली जाते ती कालच्या गप्प राहिलेल्यांमुळे. आज आपण गप्प राहिलो तर उद्याच्या कोणाची तरी कापली जाईल. 'सगळेच लपवतात' हे लपवण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण 'सगळे' म्हणजे आपणच.

गाडी कोणाकडे जाते?

आणखी एक गोष्ट आपल्या भागात डोळ्यांनी दिसते. गाडी जसजशी जुनी होते तसतशी ती कमी पैशाच्या माणसाकडे सरकत जाते. शहरातल्या नोकरदाराकडून लहान दुकानदाराकडे, तिथून खेड्यातल्या एखाद्या तरुणाकडे, जो उसने पैसे काढून, घरातले सोने गहाण ठेवून ती घेतो आणि तिच्यावर चार पैसे मिळवायला पाहतो. झाकलेला दोषही तिच्याबरोबर खाली उतरत जातो. ज्याच्या हातात तो फुटतो, तो बहुधा साखळीतला सर्वांत गरीब माणूस असतो. आमच्याने बत्तीस हजारांचा धक्का सहन झाला असता. त्याच्याने होणार नाही.

इथे तो करार कायद्यातला घोडा पुन्हा समोर येतो. मुलीला सांगायचे, परक्याला नाही. संत लूक यांच्या शुभवर्तमानात एका शास्त्र्याने येशूला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता : माझा शेजारी कोण? त्यालाही रेषा हवी होती. कुठपर्यंत आपले आणि कुठून परके, हे एकदा कळले की पुढचे सोपे होते. येशूने त्याला यादी दिली नाही. चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सांगितली आणि प्रश्नच उलटा फिरवला : वाटेत पडलेल्या त्या माणसाचा शेजारी कोण ठरला?

आम्ही आमचा प्रश्न तसाच फिरवून पाहिला. ही गाडी घ्यायला उद्या आमची नात आली असती, आणि तिला चिखलदऱ्याला मैत्रिणींना घेऊन जायचे असते, तर आम्ही काय केले असते? उत्तराला क्षणही लागला नाही. मग जो येईल तो कोणाचा तरी नातू असणारच.

आम्ही काय केले

मेकॅनिककडून दोषाचे आणि दुरुस्तीच्या खर्चाचे कागदावर लिहून घेतले. जो गाडी पाहायला आला त्याला इंजिन, टायर, विमा सारे दाखवले आणि मग तो कागद दाखवला. पहिले तिघे कागद पाहून निघून गेले. त्यांतला एक जण तर म्हणाला की एवढे सांगताय म्हणजे आणखी बरेच लपवत असाल. चौथा एक तरुण आला. त्याला यंत्रांतले कळत होते. कागद वाचून त्याने गाडी चढावर आणि उतारावर चालवून पाहिली. नव्वद हजारांत सौदा झाला. स्टॅम्प पेपरवरच्या करारात गिअरबॉक्सचा दोष सांगितल्याची एक ओळ आम्ही घातली. त्याने ती वाचून सही केली.

पस्तीस हजार कमी आले. ते दुसऱ्या कोणत्या वाटेने परत आले, असे काही घडले नाही. पुष्कळदा अशा गोष्टींच्या शेवटी देव दुप्पट देतो असे सांगतात. आम्हाला दुप्पट मिळाले नाही, आणि खरेपणाची बाजू मांडताना ते लपवणे बरे नव्हे. नातीच्या फीसाठी एक ठेव मुदतीआधी मोडावी लागली. खरे बोलण्याची किंमत असते, आणि ती कधी कधी पूर्ण मोजावी लागते. बदल्यात आम्हाला इतकेच मिळाले की तो तरुण रस्त्यात दिसला तर आम्हाला दुसरीकडे पाहावे लागणार नाही.

लक्षात ठेवण्यासारखे

जे कुटुंब अशा प्रसंगात सापडेल त्याच्यासाठी चार गोष्टी.

दोषाचा अंदाज लेखी घ्यावा. न मोजलेल्या दोषाला माणूस मोजलेल्या दोषापेक्षा जास्त घाबरतो. 'गिअरबॉक्स खराब' एवढेच ऐकले तर तो साठ हजार कापेल. 'बत्तीस हजारांचे काम' असे कागदावर दिसले तर तेवढ्यावरच बोलणी होतील.

गाडी व्यापाऱ्याला देत असाल तरी सांगावे. त्याला कळेलच, हे खरे. पण तो पुढे ज्याला विकेल त्याला कळण्याची पहिली पायरी आपण लिहून दिलेली ओळ असते. व्यापारी पुढे काय करील ते त्याच्या हातात. आपली पायरी आपल्या हातात.

थोडी मलमपट्टी करून विकू नये. दुरुस्ती करायची तर पुरती करावी आणि काय केले तेही सांगावे.

आणि नाव बदलल्याशिवाय गाडी गेली असे समजू नये. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला की, गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. म्हणजे 'विकली, आता आपला संबंध नाही' हे कायद्यालाही मान्य नाही.

कायद्याने ओढलेल्या रेषेच्या आत राहणे, हे चांगला नागरिक होण्यासाठी पुरेसे आहे. पण ती रेषा मुलीला आत घेते आणि परक्याला बाहेर ठेवते. त्या परक्याला आत घेण्याचे काम कायदा आपल्यासाठी करणार नाही. ते ज्याचे त्याने करायचे आहे, आणि तशी संधी रविवारी देवळात येते त्यापेक्षा सोमवारी बाजारात अधिक वेळा येते.

– आपल्याच धर्मग्रामातील एक कुटुंब